अंदाजे आबा

भाड्याचं घर पाहायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझ्याशी एक शब्दही बोलण्याआधी माझ्या चार वर्षांच्या मुलीला विचारलं, "ह्या जिन्याला पायऱ्या किती असतील, अंदाजे?"

मनू माझा पदर धरून उभी होती. तिनं मान वर करून पाहिलं. घराच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी जिना होता आणि वर गच्चीवर दोन खोल्या. "शंभर," ती म्हणाली.

मी हसले. ते हसले नाहीत. साठी उलटलेला, उंच, वाळका माणूस. अंगात बंडी आणि बंडीच्या खिशात गुंडाळून ठेवलेली शिंप्याची टेप. त्यांनी मनूचं उत्तर डोक्यात नीट ठेवून घेतल्यासारखी मान हलवली. "ठीक हाय. तुझे शंभर. मला वाटतं अठरा. चल, पाहू."

दोघं चढू लागले. मनू बारापर्यंत नीट मोजायची आणि मग एकदम पंधरावर जायची. मी खालून "तेरा, तेरा" म्हणणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला गप्प केलं. वर पोचल्यावर मनू म्हणाली, "एकोणीस."

"मला सतरा भरल्या," ते म्हणाले. "जिना एकच हाय. आता काय करायचं?"

मनूनं थोडा विचार केला. "परत."

ते दोघं तो जिना चार वेळा चढले. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उन्हात उभी. चौथ्या फेरीला मनू त्यांचं ऐकत, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढली आणि सतरावर थांबली. तिचा चेहरा असा झाला, की जणू ती पायरी तिनंच तिथं बसवली होती.

"माझा एकाचा फरक निघाला," खाली येताना ते तिला सांगत होते. "तुझा त्र्याऐंशीचा. कमी होईल हळूहळू."

आतून त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "खोल्या पाहिल्या का?" तिनं मला विचारलं. मी नाही म्हटलं, तर ती नवऱ्याकडे वळली. "मग इतका येळ काय दाखवून राहिले तुमी त्यांना?"

मी कुरुंद्याला सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मनूचे वडील तेव्हा पुण्याकडे एका कारखान्यात होते आणि महिन्यातून एकदा यायचे. त्या दोन खोल्यांत आम्ही मायलेकी जवळजवळ तीन वर्षं राहिलो. आता आम्ही हिंगोलीला असतो, मनू पाचवीत आहे. पण कुणी मला विचारलं, की मुलीला गणिताची गोडी कुणी लावली, तर मी त्या जिन्याची गोष्ट सांगायला लागते आणि मग मला थांबवावं लागतं.

गावात सगळे त्यांना अंदाजे आबा म्हणत. तोंडावरसुद्धा. त्यांची सगळी नोकरी सिद्धेश्वरच्या धरणावर झाली होती. रोज सकाळी पाण्याची पातळी वाचायची, पावसाचं माप घ्यायचं आणि वर कळवायचं. एवढंच काम. पहिल्या वर्षात त्यांना त्या कामाचा कंटाळा आला. मग त्यांनी एक युक्ती काढली. पातळी मोजायच्या पट्टीपाशी जाण्याआधी लांबूनच पाण्याकडे बघायचं, आज किती असेल ते मनाशी ठरवायचं, वहीत लिहायचं आणि मगच खरा आकडा वाचायचा. शेजारी तिसऱ्या रकान्यात फरक.

"मंग कंटाळा गेला का?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"कंटाळा? सिस्टर, मला रात्री झोप लागत न्हवती, कवा उजाडंल आन् कवा पाहीन."

ती सवय नोकरी संपल्यावरही सुटली नाही. लग्नात गेले, की पंगत किती पानांची ते आधी सांगायचे आणि मग जेवण सोडून ओळीनं मोजत जायचे. वसमतला जाणाऱ्या जीपमध्ये बसले, की माणसं किती कोंबलीत याचा अंदाज ड्रायव्हरला विचारायचे. ड्रायव्हरला तो प्रश्न आवडत नसे. केस कापून झाले, की न्हाव्याला विचारायचे, किती वेळा कात्री चालली असंल. आक्का, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं शांतपणे सोसत आल्या होत्या. "मला पाहायला आले तवा," त्यांनी मला सांगितलं, "समदे इचारू लागले, सैपाक येतो का, शिवण येतं का. हे म्हणाले, उंची पाच फूट एक इंच असंल. माझ्या बापानं टेप आणली. एका बोटाचा फरक निघाला. बाप म्हणाला, पोरगं येडं हाय पण खोटं न्हाई बोलत."

चूक हा शब्द त्यांना चालत नसे. मनूच्या तोंडून तो एकदा आला, तर ते जिन्याखालच्या बाजेवरून उठून बसले. "चूक न्हाई म्हणायचं. फरक म्हणायचं. चूक म्हणलं की माणूस तोंड लपवतं. फरक म्हणलं की मोजाया बसतं."

मला हे ऐकताना मजा वाटायची आणि थोडी भीतीही वाटायची. गणित या शब्दाशी माझं जुनं वैर होतं. दहावीला मी गणितात नापास झाले होते. दुसऱ्या खेपेला कशीबशी सुटले. दवाखान्यात सलाईनचे थेंब मिनिटाला किती सोडायचे याचा हिशेब करताना आजही मी तो दोनदा करून, वर दुसऱ्या सिस्टरला दाखवून घेते. माझ्या मुलीला असं होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि इकडे मनूचं भलतंच चाललं होतं. थंडीत आक्का अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या, की आबा आणि मनू समोरासमोर बसायचे. शेंग हातात घ्यायची, बोटानं चाचपायची, आत किती दाणे ते सांगायचं आणि मग सोलायची. सुरुवातीला मनू वाटेल ते सांगायची. आठवड्याभरात ती डोळे मिटून, जिभेचं टोक बाहेर काढून, बोट एकेका फुगवट्यावरून नेत चार की पाच ते सांगायला लागली आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. आक्कांनी सोललेल्यांपेक्षा यांनी चाचपलेल्या शेंगा जास्त असायच्या.

एक दिवस एक शेंग फुगीर निघाली आणि आत काहीच नव्हतं. मनूनं ती दोन्ही बाजूंनी पाहिली.

"आबा, यात किती?"

"तूच सांग."

"काहीच नाही." मग ती थांबली. "काहीच नाही हे मोजायचं का? की ही शेंग सोडून द्यायची?"

आबांनी ती शेंग तिच्या हातातून घेतली. "इचार करून सांगतो," ते म्हणाले.

मला वाटलं, विषय संपला. पण तो माणूस खरोखर विचार करत होता. दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तेव्हा ते जिन्याखाली बाजेवर बसून होते. संध्याकाळी परत आले तेव्हाही तिथंच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मनूला हाक मारली. ती दात घासत होती, तशीच फेसाच्या तोंडानं खाली धावली.

"मोजायचं," आबा तिला सांगत होते. "मी धरणावर व्हतो तवा पाऊस न्हाई पडला त्या दिवशी बी मी वहीत शून्य लिवायचो. एकदा जागा कोरीच सोडली. सायेब रागावला. म्हणाला, पाऊस पडला न्हाई का तुमी पाहिलं न्हाई? दोन्ही येगळं हाय ना. आपण शेंग उघडून पाहिली. म्हणून शून्य लिवायचं."

मनूनं तोंडातला फेस गिळला आणि मान डोलावली. मी वर कठड्याला धरून उभी होते. शून्य म्हणजे काय हे मला इतक्या वर्षांत कुणी असं सांगितलं नव्हतं. मला त्या सकाळी दवाखान्यात जाऊच नये असं वाटलं.

आणि तरीही त्यानंतर मी जे केलं ते केलंच.

मनू पाच वर्षांची झाली. गावातल्याच एका खाजगी शाळेत ती जायला लागली होती. तिथं स्नेहसंमेलन होतं आणि त्यात पाढे म्हणण्याची स्पर्धा. मी मनूचं नाव दिलं. दोन ते दहा. तिला अंघोळ घालताना पाढे, वेणी घालताना पाढे, घास भरवताना पाढे. पाढा म्हटल्याशिवाय पुढचा घास नाही. एकदा ती अडकली आणि मी तिच्या हातावर फटका मारला. खाली आबांची बाज करकरली.

स्पर्धेच्या दिवशी मनू मंडपात उभी राहिली. सहाचा पाढा झाला. सातचा सुरू झाला. सात पंचे पस्तीस. सात सक. आणि ती थांबली. मी दुसऱ्या रांगेतून ओठ हलवून बेचाळीस, बेचाळीस करत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती रडली नाही. ती माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली, फ्रॉकची कड मुठीत धरून, शेवटी बाईंनी येऊन तिला हाताला धरून खाली आणेपर्यंत.

त्यानंतर मनूनं आकडे सोडले. दुसरा शब्द मला सुचत नाही. पोळ्या किती वाढू विचारलं, की म्हणायची, "माहीत नाही." तिचं वय कुणी विचारलं तरी, "माहीत नाही." जिना चढताना ती आधी प्रत्येक वेळी पुटपुटत चढायची. आता नुसती चढायची. वर तिच्या पावलांचा तेवढा मुका आवाज यायचा.

चौथ्या दिवशी आबा जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. दारातच उभे राहिले.

"सिस्टर, रागावू नका. तुमी घाई काहून केली?"

मी त्यांना सगळं सांगितलं. दहावीचं, नापास झाल्याचं, वर्गात फळ्यापुढे उभी केल्याचं, सलाईनच्या थेंबांचं. बोलता बोलता मला रडू आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं भ्या तुमी एकट्यानं इतकी वर्षं वागवलं, हे काय साधं न्हाई," ते म्हणाले. "पण ते लेकराच्या दप्तरात काहून टाकता?"

मग ते म्हणाले, "आता एक काम करू. एक महिना तिला आकडा इचारायचा न्हाई. तुमी बी न्हाई, मी बी न्हाई. पाहू."

तुम्ही त्यांना ओळखत नसाल तर यात काय मोठं, असं वाटेल. पण दहा पावलं चालला, की ज्याच्या तोंडून अंदाजे किती हे निघाल्याशिवाय राहत नसे, त्या माणसानं तोंड बंद केलं. फक्त मनूसमोर नाही, तर सगळ्यांसमोर. तिच्या कानावर जाईल म्हणून. जीपवाल्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, आबाची तब्येत ठीक आहे ना. एका लग्नात ते पंगतीला मान खाली घालून जेवले, तेव्हा वाढपी त्यांच्यापाशी दोनदा येऊन गेला. तिसऱ्या दिवशी आक्का माझ्याकडे आल्या. "सिस्टर, ह्यांना ताप तर न्हाई ना, पाहा बरं. तीन दिस झाले, एक बी गोष्ट इचारली न्हाई. मला घर खायाला उठलं."

मी खरं कारण सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी एक दिस बी गप्प बसले न्हाई हे," आणि हसत खाली गेल्या.

महिना गेला. मनूच्या तोंडून आकडा निघाला नाही. आबांनी मला हातानंच खूण केली, अजून थांबा. दुसराही सरत आला. हळद काढून झाली होती. आबांच्या शेतातली हळद शिजून आली आणि अंगणात वाळत पडली. एका बाजूला हळकुंडं, एका बाजूला गोल गड्डे. सगळं अंगण पिवळं झालं होतं आणि त्या उग्र वासानं आमच्या खोल्यांतले कपडेसुद्धा भरून गेले होते.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही, आक्कांनी सांगितलं. मनू गड्ड्यांशी खेळत बसली होती. आबा कुंपणापाशी पाठ करून पोती शिवत होते. मनूनं एक गड्डा ठेवला. त्याच्या शेजारी, खाली आणि कोपऱ्यात असे आणखी ठेवून चौकोन केला. मग त्याला दोन बाजूंनी आणखी एक ओळ लावली, मोठा चौकोन झाला. मग आणखी मोठा. हाताशी होते ते चांगले गोल गड्डे संपले. ती कुंपणाकडे वळून म्हणाली, "आबा, मला अकरा द्या."

आक्का म्हणाल्या, ह्यांच्या हातातला दाभण खाली पडला. दोन महिन्यांत तिच्या तोंडून निघालेला तो पहिला आकडा होता. ते उठले, अकरा गड्डे निवडून तिच्यापुढं ठेवले आणि पुन्हा पाठ करून बसले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता तेरा." त्यांनी तेरा दिले. आणि मग त्यांच्यानं राहवलं नाही. अगदी हळू त्यांनी विचारलं, "फुडं किती लागतील?"

"पंधरा."

"मोजले का?"

"मोजायचं कशाला?" मनू म्हणाली. "दरवेळी दोनच जास्त लागतात. या बाजूला एक वाढतो आणि त्या बाजूला एक."

त्या दिवशी आमच्याकडे लसीकरण होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाया लेकरं घेऊन ओळीनं बसलेल्या, एक बाळ माझ्या हातात, आणि फाटकातून आबा अनवाणी धावत आले. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. त्यांना धाप लागली होती. मला वाटलं, मनूला काही झालं.

"काय झालं आबा?"

"पंधरा," ते म्हणाले.

"काय पंधरा?"

"तिला न मोजता कळलं. सिस्टर, चला घरी."

मी बाळ त्याच्या आईकडे दिलं, त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, ओळ सोडून मला येता येणार नाही. ते पाणी न पिताच उठले. टेबलावर एका तबकात लसीच्या बाटल्यांची काढलेली झाकणं पडली होती. त्यांनी ती टेबलावर ओतली आणि एक झाकण मधोमध ठेवलं. त्याला तीन लावली. चौकोन. त्याला पाच लावली. मोठा चौकोन. सात लावली. प्रत्येक झाकणावर हळदीचा ठसा उमटत होता.

"एक. तीन. पाच. सात," ते म्हणाले. "दरवेळी बराबर चौकोन. एकाचा बी फरक न्हाई. मी जन्मभर मोजून राहिलो आन् मला हे ठाऊक न्हवतं."

मी टेबलाकडे पाहत राहिले आणि मला ते दिसलं. कुणी समजावून दिलं नाही, फळा नव्हता, छडी नव्हती, मला ते नुसतं दिसलं. प्रत्येक वेळी बाहेरची ओळ दोन्ही टोकांना एकेकानं लांबत होती. म्हणून तीन, म्हणून पाच, म्हणून सात. ओळीतली पुढची बाई उभी राहून टेबलावर वाकली होती. ती सेनगावाकडच्या एका तांड्यातली, बाळंतपणासाठी इकडे बहिणीकडे आलेली. तिनं बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "आन् आता नऊ लागतील."

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती त्यांची हरवलेली बहीण होती. "अगं व्हय," ते म्हणाले. "नऊ."

त्या दिवशी लसीकरण उशिरा संपलं. ओळीतल्या प्रत्येक बाईनं ती झाकणं एकदा तरी लावून पाहिली.

घरी आले तेव्हा मनू अंगणाच्या मधोमध तिच्या चौकोनाशेजारी बसली होती. मी तिला पाढ्याबद्दल काही बोलले नाही. फक्त म्हणाले, "मला पण शिकव." तिनं माझ्या हातात गड्डे दिले आणि मी पहिलीच ओळ वेडीवाकडी लावली, तर ती म्हणाली, "राहू दे, थोडा फरक निघाला."

पुढचे आठ दिवस आबांनी गावात कुणाला सोडलं नाही. बसस्टँडवर, जीपच्या बॉनेटवर, किराणा दुकानाच्या फळीवर, जिथं जागा मिळेल तिथं खडे नाहीतर चिंचोके मांडून ते मनूचा चौकोन दाखवत. त्यांची पक्की खात्री होती, की हे आजवर कुणालाच सापडलेलं नाही आणि हे सरकारदरबारी कळवलं पाहिजे. कळवायचं कुणाला, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून एका सकाळी ते स्वच्छ सदरा घालून, पिशवीत चौसष्ट चिंचोके घेऊन सिद्धेश्वरला गेले. त्यांच्या वेळचे एक इंजिनिअर साहेब निवृत्त होऊन तिथंच जवळ राहत होते, त्यांना दाखवायला.

मला दिवसभर चैन पडलं नाही. कारण तोवर मी दवाखान्यात आमच्या डॉक्टरांना विचारलं होतं आणि ते हसून म्हणाले होते, की हे तर फार जुनं आहे, पुस्तकांत असतं. आबांना सांगायचा मला धीर झाला नव्हता. आता साहेब सांगतील आणि त्या म्हाताऱ्या माणसाचा सगळा आनंद जाईल, असं मला वाटत होतं.

ते संध्याकाळच्या गाडीनं आले. मी आणि मनू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो होतो. ते चालत आले ते भरभर, पिशवी हलवत.

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"सायेब म्हणाले, हे हजारो वर्षांखाली कुणाला तरी सापडलेलं हाय."

मनू त्यांच्याकडे बघत होती. आबा बाजेवर बसले आणि त्यांनी तिला जवळ ओढलं. त्यांचा चेहरा उजळून निघाला होता.

"ऐकलं का मनू? हजारो वर्षं झाली. तवा बी कुणाचं तरी लेकरू असंच अंगणात बसलं असंल."